धाकट्याच्या तीन कुप्या

साखळीबाई दमल्या होत्या. कधीपासून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. झोप काढली की जाणारा तो थकवा नव्हता.

साखळीबाई हे नाव संस्थेत पडलेलं. तोंडावर सगळे मॅडम म्हणत, पाठीमागे साखळीबाई. बाईंना दोन्ही माहीत होतं आणि दोन्ही चालत होतं. त्या खरोखरच साखळ्या करायच्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या. अमिनो आम्लाच्या कड्या एकीला एक जोडायच्या, बारा झाल्या की थांबायचं. त्याला पेप्टाइड म्हणतात. शरीरातली प्रथिनं म्हणजे अशाच साखळ्या, पण मारुतीच्या शेपटासारख्या लांब. बाईंची आखूड होती, हातानं बांधलेली, आणि फक्त प्रयोगांसाठी.

खोली तिसऱ्या मजल्यावर. खिडकी रंग बसून चिकटलेली, उघडत नसे. भिंतीला लागून काचेचं मोठं कपाट, वाफा वर ओढून घेणारं. त्याचा घोंगावणारा आवाज दिवसभर कानात असे आणि घरी गेल्यावरही तासभर उतरत नसे. काचेच्या नळीत रेझिनचे दाणे असत, वाळूसारखे बारीक. पहिली कडी त्या दाण्याला बांधायची. प्रत्येक कडीच्या एका टोकाला रासायनिक टोपी असते, म्हणजे ती भलत्याच ठिकाणी जाऊन चिकटत नाही. टोपी काढायची. धुवायचं. पुढची कडी घालायची. हलवत ठेवायचं. धुवायचं. टोपी काढणाऱ्या द्रवाला सडक्या मासळीसारखा वास होता. तो बाईंच्या केसांत बसे.

जोड पूर्ण झाला की नाही, ते पाहायची एक रीत होती. चार दाणे उचलायचे, त्यांवर थेंब टाकून गरम करायचे. पिवळे राहिले तर ठीक. निळे झाले, तर अजून काही टोकं रिकामीच आहेत. निळं दिसलं की बाई नळी पुन्हा हातात घेत. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हे सगळं आपोआप करणारं यंत्र संस्थेत होतं. ते बिघडलेलं होतं. दुरुस्तीवाला येतो येतो म्हणत होता. त्याची वाट पाहण्यात बाईंचा अंगठा दुखायला लागला, मग मनगट.

शेवटी आम्ल घालून साखळी दाण्यापासून तोडायची आणि थंडगार ईथरमध्ये ओतायची. पांढरा ढग उठतो, हळूहळू तळाशी बसतो. तो गाळून, शुद्ध करून, गोठवून सुकवला की कुपीत कापसाचं बोंड फुटल्यासारखं काहीतरी उरतं. जोरात श्वास सोडला तर उडेल एवढं. इतक्या दिवसांची मेहनत ती एवढीच. बाई कुपी उघडताना श्वास रोखत.

ती साखळी पलीकडच्या खोलीत जाई, पेशीवालीकडे. पेशीवाली वयानं बरीच लहान, तोंडानं फटकळ. ती काचेच्या बशीत पेशींचा थर वाढवायची आणि त्यावर बारीक टोकानं एक सरळ ओरखडा काढायची. मग बाईंची साखळी घालायची आणि पाहायची, दोन्ही काठांच्या पेशी सरकत येऊन ती भेग बुजवतात का, आणि किती लवकर. शेजारच्या दुसऱ्या बशीत बाईंचीच दुसरी साखळी जायची. त्याच बारा कड्या, पण क्रम उलटासुलटा केलेला. ती पडताळणीसाठी. खरी साखळी काम करत असेल, तर उलटीनं काही करता कामा नये. दोघींनी सारखंच केलं, तर खरीत काही विशेष नाही.

एका बशीत खऱ्या साखळीनं भेग सुरेख बुजली होती, शेजारच्या उलटीत तेवढी नाही. पेशीवालीनं दोन फोटो पाठवले, आधीचा आणि नंतरचा. बाईंनी ते फोनवर ठेवले. इतक्या वर्षांत दुसऱ्याला दाखवण्यासारखं त्यांच्या हाती पहिल्यांदाच काही आलं होतं. त्या रविवारी त्या भावाकडे गेल्या आणि त्यांनी ते दाखवले.

भाऊ धाकटा. रंगारी. त्यातही छताचा. वर पाहून रंगवणं सगळ्यांनाच जमत नाही. मान मोडते, रंग डोळ्यांत येतो, आणि कितीही सांभाळा, ब्रशचा जोड दिसतोच. धाकट्याच्या छतात जोड दिसत नसे. मोठे ठेकेदार भिंती इतरांना देत आणि छतासाठी त्याला बोलावत. तो कधी स्वतःची बढाई मारत नसे. पण कुठल्याही घरात शिरला की आधी वर बघे, आणि बरेचदा हळूच हसे.

त्याच्या उजव्या खांद्यातला स्नायुबंध फाटला होता. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली होती. त्यानंतर कित्येक महिने हात बांधून बसायचं, मग व्यायाम. आणि एवढं करूनही डोक्याच्या वर हात पूर्वीसारखा चालेल, असा शब्द द्यायला ते तयार नव्हते.

धाकट्यानं फोनवरचे ते दोन फोटो पाहिले. बोटांनी मोठे केले. आधीची भेग. नंतर भेग नाही.

"हे तू केलंस?" त्यानं विचारलं.

बाई म्हणाल्या, औषध मी केलं. मग लगेच म्हणाल्या, औषध नव्हे, रसायन. आणि हे काचेतलं आहे, माणसातलं नाही. पण तेवढ्यात चहा आला, आणि हे शेवटचं वाक्य कपबशांच्या आवाजात गेलं. धाकटा अजून फोटोच पाहत होता.

त्यानंतर तो मागे लागला. चिमूटभर आण. कुणाला कळतंय. बाईंनी नाही म्हटलं. तो म्हणाला, सख्ख्या भावाला नाही म्हणतेस. बाईंनी पुन्हा नाही म्हटलं. मग त्याचे फोन बंद झाले. बाई सकाळी उठत, कामाला जात, निळे दाणे पिवळे करत, घरी येत. फोनकडे बघत आणि झोपत.

एक दिवस तो स्वतःच संस्थेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. हात गळ्यातल्या झोळीत. दुसऱ्या हातात छोटी डबी. डबीत तीन कुप्या, रबराचं बूच आणि वर पत्र्याचं झाकण. फोनवरून मागवल्या होत्या. बाईंची साखळी काही त्यांचा शोध नव्हता. तिचा क्रम जगजाहीर होता. कुणीही करावी, कुणीही विकावी. त्याच साखळीचं नाव कुपीवर होतं, आणि खाली बारीक अक्षरांत छापलं होतं, फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये.

बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"सिगारेटच्या पाकिटावरही लिहिलेलं असतं," धाकटा म्हणाला.

"ते खरंच असतं रे."

यावर तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला. मग त्यानं काम सांगितलं. एक कुपी तुझ्या यंत्रावर लाव. माल अस्सल आहे का तेवढं सांग. दोन माझ्याकडे राहू दे. तू हो म्हटल्याशिवाय टोचून घेणार नाही. आईची शपथ.

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. शपथेला तीच लागत होती अजून.

बाईंनी कुपी घेतली. नाही म्हटलं असतं, तर तो न तपासता टोचून घेईल हे त्यांना दिसत होतं. संध्याकाळी भावजयीचा फोन आला. ती हळू बोलत होती, बहुतेक गच्चीवरून.

"वन्सं, काहीही निघू दे. तुम्ही मात्र खोटी आहे म्हणूनच सांगा. तुमच्या शब्दावर तो अडून बसलाय. माझं तर तो ऐकतच नाही."

बाई म्हणाल्या, खोटीच असणार गं. असला माल खोटाच असतो. सांगायला काही अडचण यायची नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ती कुपी उघडली, थोडी भुकटी विरघळवली आणि तपासणीच्या यंत्राला दिली. या यंत्रात लांब बारीक नळीतून द्रव ढकलला जातो. निरनिराळ्या गोष्टी निरनिराळ्या वेळी बाहेर पडतात आणि पडद्यावर एकेक शिखर उमटतं. गचाळ मालात छोट्या मोठ्या टेकड्या दिसतात. एखादी कडी गळलेली, एखादी टोपी राहून गेलेली. बाई डबा उघडून बसल्या आणि टेकड्यांची वाट पाहू लागल्या.

रेघ सपाट चालली होती. मग एकच शिखर वर गेलं. सरळ, अरुंद, ताठ. खाली आलं. पुन्हा सपाट.

बाईंनी डबा तसाच बाजूला ठेवला.

पेशीवाली मागून येऊन उभी राहिली होती. "मॅडम, आपली इतकी स्वच्छ कधीच नव्हती. कुणी केली?"

"माहीत नाही."

"शोधा आणि नोकरीवर घ्या. तुम्ही सुटाल, मीही सुटेन."

बाईंनी वजन मोजणारं यंत्रही लावून पाहिलं. रेणूचं वजन बरोबर जुळलं. अस्सल होती. शंभरात अठ्ठ्याण्णव भाग तीच साखळी. बाई खुर्चीत बसून राहिल्या. खोटेपणाच्या भरवशावर त्या इतक्या निर्धास्त होत्या, की खरेपणाचं काय करायचं याचा विचारच त्यांनी केला नव्हता.

पेशीवाली जायला निघाली आणि दारात थांबली. तुम्हाला उद्या सांगणार होते, ती म्हणाली. आत्ताच सांगते. नव्या बशा वाचून झाल्या. खऱ्या साखळीनं भेग बुजवली. उलट्या साखळीनंही बुजवली. जवळजवळ तेवढीच.

"किती बशांत?"

"सगळ्याच. पहिल्या वेळची ती एक बशी नशिबाची होती, असं आता वाटतंय. पेशी त्यांच्या त्यांच्याच सरकत असणार. आपण उगीच शेजारी उभं राहून टाळ्या वाजवल्या."

ती पुढेही काही बोलली. पुन्हा करून पाहू, वेगळ्या पेशी घेऊ. बाई हो म्हणाल्या. त्यांनी डबा झाकला. काचेच्या कपाटात नळी फिरत होती, तिच्यात नववी कडी जोडली जात होती. वेळ झाली तेव्हा त्या उठल्या आणि त्यांनी ती धुतली. निकाल कसाही लागो, नववी कडी अर्ध्यात सोडता येत नाही.

रविवारी त्या भावाकडे गेल्या. बस मोकळी होती तरी त्या उभ्याच राहिल्या. बसलं असतं तर उठवलं नसतं. काय बोलायचं ते ठरलेलं होतं. ठरवायला फारसं काही नव्हतंच, भावजयीनं वाक्य दिलं होतं.

धाकटा खाटेवर बसला होता. खांद्याखाली उशी. भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी, हात पुसत. बराच वेळ पुसत.

"माल चांगला नाही," बाई म्हणाल्या.

धाकट्यानं डोळे मिटले. भावजयीनं फडकं खाली ठेवलं. बाईंना वाटलं, संपलं. आता चहा घ्यावा आणि घरी जाऊन पडावं.

धाकट्यानं डोळे उघडले तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला नव्हता. तो मोकळा झाल्यासारखा दिसत होता.

"वाटलंच मला," तो म्हणाला. "कुठेतरी पाणी मुरत होतं. दुसरा एकजण आहे, त्याची जरा महाग असते पण चोख असते म्हणतात. नाहीतर तूच कर ना, ताई. तुझी चांगली असते. म्हणजे प्रश्न मालाचाच होता. चांगली असेल तर तुझी हरकत नाही."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांना आपलंच वाक्य उलट बाजूनं दिसलं. वाईट म्हणून नको म्हटलं, की चांगली म्हणून हवी होतेच. त्या रसायनात मुरलेल्या बाई, आणि एवढं साधं त्यांना आधी दिसलं नव्हतं. दाराशी भावजयीच्याही ते ध्यानात आलं होतं. तिनं फडकं पुन्हा उचललं.

एक खोटं टिकवायला दुसरं लागेल. मग तिसरं. बाईंच्या अंगात तेवढा जोर नव्हता. खरं बोलायला त्यातल्या त्यात कमी श्रम पडतील, असं त्यांना वाटलं.

"मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "माल चोख आहे. शंभरात अठ्ठ्याण्णव. मी करते त्याहून चांगला."

"वन्सं," भावजय म्हणाली. एवढंच.

धाकटा सरळ होऊन बसला. खांदा दुखला तरी बसला. "अठ्ठ्याण्णव? म्हणजे शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणांना गुण येणार."

बाईंनी कपाळावर हात मारला नाही, पण तशी वेळ होती. त्या समजावू लागल्या. ते अठ्ठ्याण्णव म्हणजे गुण नव्हे. भुकटीत दुसऱ्या साखळ्यांची भेसळ किती, तेवढंच ते सांगतं. यंत्राला पाणी दिसत नाही. मीठ दिसत नाही. जंतूंचं विष त्यात उरलं असेल, तर तेही या शिखरात दिसत नाही, आणि सुईनं आत गेलं तर ताप आणून माणूस आडवा करायला ते चिमूटभरही लागत नाही. रंगाचा डबा गच्च भरलेला आहे एवढंच मला कळलं, त्या म्हणाल्या. तो कुठल्या भिंतीला धरेल ते नाही.

"पण तुझ्या फोटोत भेग बुजली होती. मी पाहिली."

बाई थांबल्या. ही गोष्ट त्यांनी अजून कुणालाच सांगितली नव्हती. रात्री अंथरुणावर स्वतःलाही नीट सांगितली नव्हती.

"दुसरी एक साखळी असते," त्या म्हणाल्या. "पडताळणीची. तेच मणी, नुसते कसेतरी ओवलेले. तिनं काही करायचं नसतं. तिनंही भेग बुजवली. सगळ्या बशांत."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या साखळीनं काही केलंच नसावं. पेशी आपोआप सरकत असाव्यात. फोटो खरा आहे. मी दाखवला त्याचा अर्थ खरा नव्हता."

रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ओढत नेत होतं, तिचं एक चाक करकरत होतं.

धाकट्यानं विचारलं, "इतकी वर्षं करतेस, आणि ती काय करते तेच तुला ठाऊक नाही?"

"ती काय आहे ते ठाऊक आहे. कणाकणानं ठाऊक आहे. माणसाच्या अंगात गेल्यावर काय करेल, ते नाही."

"मग कुणाला ठाऊक आहे?"

"अजून तरी, मी विचारलं त्यांतल्या कुणालाच नाही."

"मग करता कशाला?"

"ठाऊक व्हावं म्हणून. आणि बहुतेक वेळा ठाऊक होतं ते हेच, की नाही. यातून काही नाही. मग दुसरी करायला घ्यायची."

हे बोलताना बाईंचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. पत्ता सांगावा तसं त्यांनी सांगितलं. धाकट्यानं बहिणीकडे नीट पाहिलं. सुजलेला अंगठा. डोळ्यांखालची काळी वर्तुळं. कुठल्याही घरात शिरला की वर पाहणारा माणूस तो. समोर बसलेल्या माणसाकडे इतका वेळ पाहायची त्याला सवय नव्हती.

"हे फोनवर का नाही सांगितलंस?"

"धीर झाला नाही. फोटो बघून तू किती खूश झाला होतास."

भावजय आत गेली. भांड्याचा आवाज झाला. थोडा जास्तच झाला. मग थांबला. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण तिनं बाईंच्या शेजारी टेकायला जागा केली आणि स्वतःही टेकली. तुम्ही खोटं नीट बोलायला हवं होतं वन्सं, ती म्हणाली. बाई म्हणाल्या, जमत नाही गं, सवय नाही. दोघींपैकी कुणीच हसलं नाही, पण मधलं काहीतरी सैल झालं.

धाकटा डाव्या हातानं उशीखाली चाचपत होता. त्यानं दोन कुप्या काढल्या. शीतकपाटात ठेवाव्यात हेही त्याला कुणी सांगितलं नव्हतं. उशीखाली ठेवल्या होत्या, लहान मूल खाऊ ठेवतं तशा.

त्यानं त्या बाईंच्या ओंजळीत टाकल्या.

"घेऊन जा. घरात राहिल्या तर मी टोचून घेईन. तू एवढं सगळं सांगितलंस तरीही घेईन. छत दिसलं की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही."

बाईंनी त्या पिशवीत टाकल्या. शहाणा झालास असं म्हटलं नाही. तो शहाणा झाला नव्हता, दमला होता. त्यांना तो फरक कळत होता.

धाकटा भिंतीकडे बघत म्हणाला, की ठेकेदाराला सांगावं लागेल. दारं, चौकटी, खालच्या भिंती डाव्या हातानं जमतील. छत दुसऱ्या कुणालातरी. हे शेवटचं तो फार हळू म्हणाला. भावजय म्हणाली, आधी डॉक्टरकडे तरी जा, कापायचं की नाही ते ठरव, ठेकेदार कुठे पळून जात नाही. तो म्हणाला, बरं. मग पुन्हा म्हणाला, बरं.

"मी येते बरोबर," बाई म्हणाल्या.

"डॉक्टरकडे? तू येऊन काय करणार? तिथे तुझं रसायन थोडंच लागणार आहे."

"काही नाही करणार. बाहेर बाकावर बसेन."

धाकट्यानं मान हलवली. मग त्याला सदरा बदलायचा होता आणि उजवा हात बाहीतून निघत नव्हता. भावजय उठायच्या आधी बाई उठल्या. त्यांनी बाही खांद्याशी धरली आणि हळूहळू सोडवली, जरा सोडवून थांबत, त्याचा श्वास खाली बसेपर्यंत.